कपाटातला फ्रिज की कोनाड्यातला? शहापूर आणि निपाणीची दोन स्वयंपाकघरं

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी पहिल्यांदा आलेली बाई स्वयंपाकघरात डोकावली की हमखास विचारते, "फ्रिज कुठं ठेवलाय ओ?" सुरुवातीला या प्रश्नाने मला गुदगुल्या व्हायच्या. मग मी ऐटीत कपाटांच्या रांगेतलं तिसरं उंच दार उघडून दाखवायची. आता आधी मीच विचारते, "का, घर बांधताय?" कारण बांधत असतील तर चहा होईपर्यंत सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे.

आम्ही स्वयंपाकघर नवं केलं त्याच वर्षी निपाणीला आमच्या वन्संनीही केलं. मी फर्निचरच्या आत लपणारा फ्रिज घेतला. वन्संनी साधा दोन दारांचा घेतला आणि सुताराकडून त्याच्या मापाचा कोनाडा करून घेतला. त्यांचा फ्रिज दिसतो, पण ओट्याच्या रेषेबाहेर फारसा येत नाही. त्यालाही पाच वर्षं होऊन गेली. माझ्या फ्रिजच्या पैशात वन्संच्या फ्रिजसारखे तीन आले असते, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ह्यांनी ते सांगायचं अजून थांबवलेलं नाही.

दुकानात 'बिल्ट-इन' या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू विकतात. एकात फ्रिजचं दार नुसतं कोरं असतं आणि त्यावर तुमच्या कपाटाचं प्लायचं दार बसतं. माझा हा प्रकार. त्याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. बॉश, सीमेन्स, लीबहेर, हाफेले यांचे असे फ्रिज आपल्याकडे मिळतात. (माझा कोणाचा ते सांगत नाही, पुढे तक्रार करायची आहे.) दुसरा म्हणजे स्वतःच्या स्टीलच्या दारासकट भिंतीत बसणारा अवाढव्य, साधारण ६१ सेंटिमीटर खोलीचा. तो बंगल्यांचा विषय आहे, सोडून देऊ.

आता माप. इंटिग्रेटेडचा खण बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: रुंदी ५६, खोली ५५-५६ आणि उंची १७८ सेंटिमीटरच्या आसपास. त्या खणात फ्रिजच्या जाड भिंती, मग आतल्या कप्प्याला उरतं काय? उंची तेवढीच असलेल्या साध्या फ्रिजपेक्षा माझ्याकडे जागा बरीच कमी आहे. हे माप ठरवणारी माणसं बहुधा बाटल्या, चीजचे तुकडे आणि सपाट डबे ठेवत असावीत. आपल्याकडे गौरी जेवल्या की उरलेली कटाची आमटी पातेल्यासकट आत जाते. माझं पातेलं तिरकं करून, कान एका बाजूला घेऊन जातं, आणि ते गेलं की तो कप्पा संपला. वन्संकडे पातेलं जातं, शेजारी दह्याचं भांडंही बसतं. मासळीवाल्याकडून एकदम चार दिवसांची सुरमई घेणाऱ्या घराने तर फ्रीजरचा खण दुकानात हाताने मापून बघावा. खरेदीला जाताना घरातलं सगळ्यात मोठं पातेलं पिशवीत घालून न्या. दुकानदार हसेल. हसू दे.

खरा मुद्दा हवेचा आहे. फ्रिज म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर टाकणारं यंत्र. बाहेर म्हणजे कुठं, एवढाच सगळा प्रश्न. कपाटातल्या फ्रिजला खालच्या पायपट्टीतून गार हवा घ्यायची असते. ती पाठीमागच्या चार-पाच सेंटिमीटरच्या फटीतून तापत वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून सुटते. मॅन्युअलमध्ये खाली आणि वर साधारण २०० चौरस सेंटिमीटर मोकळी वाट मागितलेली असते, म्हणजे ५० सेंटिमीटर लांब आणि ४ रुंद पट्टी. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. त्यावर जाळी लावली तर जाळीच्या काड्या बरीच जागा खातात, तेव्हा भोक तेवढं मोठं पाडायला हवं.

आमचा सुतार कामाला वाघ, पण भोक म्हटलं की त्याचा जीव कळवळायचा. "कशाला ओ अक्का चांगल्या फर्निचरला भोक पाडायचं? झुरळं येतात की." त्याने खालची पट्टी पाडली आणि वर माळा थेट छताला भिडवून टाकला. मीही दिसायला छान म्हणून गप्प बसले. पहिल्याच एप्रिलमध्ये शेजारच्या कपाटातला गुळाचा डबा कोमट लागायला लागला आणि गूळ पाघळला. कॉम्प्रेसर दिवसरात्र घुमत होता. शेवटी माळ्याच्या तळाला कापून वाट केली, तेव्हा तो शांत झाला. झुरळांसाठी खाली बारीक स्टीलची जाळी लावली. उंदीर वायरी कुरतडतो, त्यामुळे जुन्या घरात ती हवीच, पण महिन्याला पुसावी लागते, नाहीतर पिठाची धूळ बसून तीच वाट बंद करते.

वन्संच्या फ्रिजलाही हवा लागते, फक्त वेगळ्या जागी. हल्लीच्या साध्या फ्रिजच्या मागे काळी जाळी दिसत नाही, कारण ती नळी बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. म्हणून बाजू हाताला गरम लागतात, तो बिघाड नव्हे. पण अशा फ्रिजला दोन्हीकडून प्लाय चिकटवून बसवलं तर त्याने उष्णता टाकायची कुठं? वन्संनी मॅन्युअलमधला आकडा सुताराला कागदावर लिहून दिला आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडली. आणखी एक गोष्ट त्यांच्या सुताराने सुचवली, मला कुणी सांगितली नव्हती: बिजागरीच्या बाजूला लगेच भिंत नको. दार काटकोनापलीकडे उघडलं नाही तर भाजीचा ट्रे बाहेर येत नाही. ओळखीच्या एका घरात भाजीचा ट्रे पाच वर्षांत पूर्ण बाहेर आलेला नाही.

मग पाऊस. खानापूरकडून येणारी आमची चार महिन्यांची झड ज्यांनी अनुभवली त्यांना फर्निचरचं काय होतं ते सांगायला नको. इंटिग्रेटेड फ्रिजची दोन दारं एकमेकांना दोन तऱ्हांनी जोडतात. स्वस्त तऱ्हेत कपाटाचं दार कपाटाला, फ्रिजचं दार फ्रिजला, आणि मधे सरकती प्लास्टिकची पट्टी. दुसऱ्या तऱ्हेत प्लायचं दार थेट फ्रिजच्या दारावर बसतं आणि सगळं वजन फ्रिजच्या बिजागरीवर येतं. माझी पहिली तऱ्हा. दुसऱ्या पावसाळ्यात प्लाय फुगलं, दार केसभर खाली आलं आणि आतलं दार पुरतं मिटेना. बाहेरून सगळं ठाकठीक दिसत होतं. दमट हवा त्या फटीतून आत जात राहिली, मागच्या भिंतीवर बर्फ चढला आणि भाजीच्या खणात पाणी साचलं. तुम्ही हाच प्रकार घेणार असाल तर दार आयएस ७१० च्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं करा, कडा चारही बाजूंनी बंद करून घ्या, आणि दाराचं वजन मॅन्युअलमधल्या मर्यादेत ठेवा. दुसऱ्या तऱ्हेचा फ्रिज मिळत असेल तर तोच घ्या. वन्संच्या कोनाड्याचं प्लायही फुगलं होतं, पण फुगून फुगणार कुठं, चार बोटं जागा होती.

दुरुस्तीची कथा मात्र या सीमाभागाचीच आहे. कंपनीच्या नंबरवर फोन केला. त्यांनी पिनकोड विचारला आणि तक्रार हुबळीला टाकली. हुबळीवाले म्हणाले, या प्रकारचं काम करणारा माणूस आमच्याकडे नाही. कोल्हापूरला होता. पण कोल्हापूरच्या केंद्राच्या पडद्यावर आमचा पिनकोडच उमटेना, कारण आम्ही कर्नाटकात. अकरा दिवस दूध शेजारणीकडे. शेवटी माणूस आला तोही फ्रिज खणातून बाहेर ओढायला आणखी दोघं लागतील म्हणून परत गेला. वन्संचा फ्रिज एकदा बिघडला, तेव्हा निपाणीतलाच मेकॅनिक संध्याकाळी आला, फ्रिज चाकांवर पुढे ओढला आणि तासाभरात गेला. एवढी एक गोष्ट मला आधी कळली असती तर मी कदाचित कपाटातला फ्रिज घेतलाच नसता. म्हणून गाव नव्हे, पिनकोड सांगून विचारा: दाराचं आणि गॅसचं काम करणारा माणूस कुठून येतो? गॅस बहुधा आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. त्याची माहिती नसलेल्या माणसाला नळी जोडायचा ज्योतीचा टॉर्च पेटवू देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

मॉडेलच्या लेबलवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो, तोही बघा. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८, टी ४३. (इथे एसटी म्हणजे लाल गाडी नव्हे.) बेळगाव शहराला एसटी चालून जाईल, पण अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात टी लिहिलेलाच घ्यावा. बंद कपाटातली हवा खोलीपेक्षाही गरम असते.

विजेचं थोडक्यात. प्लगचं बटण फ्रिजच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवं. माझं मागे आहे, त्यामुळे फ्रिज बंद करायचा तर मी मेन स्विचकडे जाते. स्टॅबिलायझर वापरत असाल तर तो फ्रिजच्या खणात ठेवू नका, तोही तापतो. हेस्कॉमची वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज चारेक तास थंडी धरतो.

देखभाल दोन्हीला जवळपास सारखीच. आत ४ अंश, फ्रीजरमध्ये उणे १८. दाराचं रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसायचं, मग दारात दहाची नोट अडकवून ओढायची. सहज सुटली तर रबर किंवा बिजागरी बघायला हवी. मी ही परीक्षा आता दर जूनला करते. मागच्या भिंतीखालचं पाण्याचं भोक कोथिंबिरीच्या काडीनेही तुंबतं. ते कापसाच्या काडीने मोकळं करावं, सुई घालू नये.

कपाटातल्या फ्रिजच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याचा १७८ चा खण बऱ्याच कंपन्यांमध्ये चालतो. उद्या हा फ्रिज गेला तर दुसरा त्याच जागी बसेल. वन्संच्या मापाचा फ्रिज कंपनीने कधीच बंद केला. आणि हो, माझ्या ओट्यापाशी उभं राहिलं की सरळ एकसारखी भिंत दिसते, ते मला आजही आवडतं.

स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल, घरात तीन-चारच माणसं असतील आणि दुरुस्तीचा माणूस शहरातच असेल, तर कपाटातला घ्या. एकत्र कुटुंब, सणाची पातेली, खानापूर किंवा चंदगडच्या बाजूचं घर, तर वन्संसारखा कोनाडा करा आणि उरलेल्या पैशात चांगलं प्लाय वापरा. दोन्हीत फ्रिज आधी ठरवा, त्याचं मॅन्युअल मागून घ्या, आणि मगच सुताराला करवत हातात घेऊ द्या. आमचं उलटं झालं. खण आधी तयार होता आणि मग मी त्याच्या मापाचा फ्रिज शोधत हिंडले. यंदाही गौरीच्या आदल्या दिवशी पुरणाचं पातेलं शेजारणीच्या फ्रिजमध्येच जाणार आहे.