पावसाळ्यात चालायला कुठं जावं: गौताळा, अजिंठा, सौताडा की थेट कोकण?

जुलै लागला की आमच्या ऑफिसात एकच विषय. कुणीतरी मोबाईलवर देवकुंड धबधब्याचा व्हिडिओ दाखवतं आणि पुढच्या दहा मिनिटांत टेम्पो ट्रॅव्हलरचं भाडं विचारून होतं. मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळं कोकणात उतरणाऱ्या हिरव्यागार दऱ्यांचं आपल्याला जरा जास्तच वेड. असावं. पण शनिवारी रात्री निघून सोमवारी दहाला कामावर यायचं असेल तर आधी हिशेब करा. संभाजीनगरहून पुण्यापर्यंतच दोनशे तीस-चाळीस किलोमीटर. तिथून ताम्हिणी उतरून भिरा, मग पाच-सहा किलोमीटर पायी आणि तेवढंच परत. शिवाय ऐन पावसाळ्यात देवकुंडला प्रशासनाचा बंदी आदेश बऱ्याचदा असतो. आम्ही एकदा ताम्हिणीत भजी खाऊन माघारी आलोय. भजी चांगली होती, एवढंच त्या सहलीचं कौतुक.

पाण्याच्या बाबतीत मात्र कोकण-सह्याद्रीशी बरोबरी करायला जाऊ नये. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपली सरासरी सातशेच्या आसपास. ढग घाटमाथ्यावरच रिकामे होतात आणि उरलंसुरलं आपल्या वाट्याला येतं. तिकडचा धबधबा जूनअखेर सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत बिनघोर पडत राहतो. आपल्याकडं तो पावसानंतर दोन-चार दिवस फॉर्मात असतो, मग दगडावर नुसती ओल. म्हणून आधी पाऊस कुठं झाला ते बघायचं आणि ठिकाण मग ठरवायचं. उलटं केलं की फसगत होते.

माझी झाली. सौताड्याला. बीड-जामखेड रस्त्यावर, पाटोदा तालुक्यात बालाघाटाचा पठारी भाग एकदम तुटतो आणि विंचरणा नदी त्या कड्यावरून खाली उडी घेते. खाली रामेश्वराचं मंदिर आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. कुणाचे तरी फोटो पाहून आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो, तेव्हा पावसानं वीस-बावीस दिवस ओढ दिली होती. कड्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी ओली रेघ आणि खाली डोहात हिरवं पाणी. वरच्या चहावाल्यानं आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “पाणी बघायला आलता व्हय? मागल्या महिन्यात यायचं.” सौताडा असा आहे. चार दिवस चांगला पाऊस झाला की त्याच्यासारखं दृश्य बीड जिल्ह्यात दुसरं नाही, पण चालायचं म्हणाल तर पायऱ्या उतरा आणि चढा, संपलं. घरच्यांना घेऊन अर्ध्या दिवसाची सहल म्हणून उत्तम. ट्रेक म्हणून कुणी सांगत असेल तर त्याला हसून सोडून द्या. बीडकरांनी त्याच दिवशी मांजरसुंब्याजवळचं कपिलधारही उरकावं. मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा, दोन्ही एका ठिकाणी.

ज्याला खरंच चालायचंय, पायाखाली जंगल पाहिजे, त्यानं गौताळ्याला जावं. माझं मत सरळ आहे: पाऊस कमी पडो की जास्त, इथं पैसे वाया जात नाहीत. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं, संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत मिळून. सातमाळ्याच्या रांगा आहेत. साग, अंजन, पळस, धावडा. उन्हाळ्यात हेच रान वाळल्या काड्यांसारखं दिसतं. दोन पावसांत ते असं भरतं की एप्रिलमध्ये पाहिलेला माणूस ओळखणार नाही. सीताखोरीच्या धबधब्याला पाणी नसलं तरी वाट सावलीची आहे, कुठंतरी मोर ओरडत असतो, कुंपणासारख्या झुडपातून कळलावीची लाल-पिवळी फुलं वर आलेली असतात. बिबट्या आणि अस्वल आहेत, तेव्हा चौकीवर नोंद करा आणि दिवस मावळायच्या आत बाहेर या. 2021 मध्ये तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत इथवर आला होता. आपण साठ किलोमीटर गाडीनं जाऊन दमतो.

गौताळ्याला जाणाऱ्यानं पितळखोऱ्याची लेणी सोडू नयेत. खरं तर मी उलटं सांगेन, पितळखोऱ्याला जावं आणि वेळ उरला तर बाकीचं. रस्ता पठारावर संपतो. तिथून दरीत काही दिसत नाही, फक्त पाण्याचा आवाज येतो. मग पायऱ्या सुरू होतात. त्या पावसात शेवाळलेल्या असतात. कॅनव्हासचे बूट घालून आलेला आमचा एक मित्र निम्म्या पायऱ्या बसूनच उतरला. अर्ध्यावर वळण घेतलं की समोर कातळात कोरलेली लेणी उघडतात, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली, म्हणजे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या पिढीतली. एका लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, ओळीनं उभे, त्यांच्या पायाशी ओल झिरपत असते. इथंच सापडलेली, डोक्यावर भांडं घेऊन हसणाऱ्या ढेरपोट्या यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिच्यावर ती घडवणाऱ्याचं नावही कोरलंय: कन्हदास, धंद्यानं सोनार. बाजूला धबधबा चालू असला तर पाण्याचे तुषार लेण्यापर्यंत येतात. गर्दी म्हणाल तर रविवारीसुद्धा तीस-चाळीस माणसं. मात्र खाण्याचं काही मिळेल या भरवशावर राहू नका, भाकरी-ठेचा बांधून न्या. मुसळधार पावसाच्या दुसऱ्याच दिवशी पुढं चाळीसगावकडं उतरायचा बेत असेल तर कन्नड घाटाची चौकशी करा. 2021 च्या ऑगस्टअखेर तिथं दरडी कोसळून घाट बंद पडला होता.

आता अजिंठा. लेणी पाहिलेली असतात सगळ्यांनी, शाळेच्या सहलीत, डोळे मिटत. पण फर्दापूरच्या बाजूनं न जाता घाट उतरायच्या आधी व्ह्यू पॉइंटकडं वळून पाहा. 28 एप्रिल 1819 ला शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं समोरच्या कड्यावरूनच लेणं पहिल्यांदा पाहिलं. एप्रिल होता, त्याला सप्तकुंड धबधब्याचं पाणी दिसलं नसणार. आपल्याला ऑगस्टमध्ये दिसतं: वाघूर नदी टप्प्याटप्प्यानं उड्या मारत खाली येते आणि घोड्याच्या नालेसारखं वळण घेते, त्या वळणाच्या कडेनं तीस लेणी. हे एक दृश्य गौताळ्यातल्या अख्ख्या दिवसावर मात करतं, हे मान्य करायला हवं. चाल मात्र छोटी. खाली लेण्यांपर्यंत उतरायला अर्धा तास, चढायला पाऊण.

एक युक्ती सांगतो. गाडी व्ह्यू पॉइंटला सगळ्यांना उतरवून ड्रायव्हरबरोबर फर्दापूरच्या तिठ्यावर पाठवा. तुम्ही उतरून लेणी बघा आणि तिथून बसनं तिठ्यावर या. चढण वाचते. गुडघेदुखीवाल्यांनी वरूनच बघून गाडीत बसून यावं, त्यांचंही काही बुडत नाही. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरून येणारे दर आठवड्याला भेटतात.

नांदेड-हिंगोलीकडच्यांनी मात्र एवढ्या लांब कशाला यायचं? इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड आहे, काळ्या कातळातून फुटून पडणारं पाणी. नदी मोठी आणि वर इसापूर धरण, त्यामुळं पाऊस थांबला तरी ते सौताड्यासारखं दोन दिवसांत आटत नाही. धरणातून पाणी सोडलं असेल तर काठावर उतरू नका, लांबूनच बघा. चालणं जवळजवळ नाही. किनवटचं सागवान रान मात्र रस्ताभर सोबत असतं.

यंदा आमच्या ऑफिसात दोन गट पडलेत. लहान मुलं असलेले अजिंठ्याला, आम्ही चौघं पितळखोऱ्याला. त्या कॅनव्हासवाल्यानं नवे बूट घेतलेत. कोकण दिवाळीच्या सुट्टीवर ढकललंय, तेव्हा धबधबे नसतील, पण समुद्र असेल.