वर्गणी, अंगतपंगत की सावड?

पाच संस्था, चार देश, एक संशोधन प्रकल्प. पहिल्या ऑनलाइन बैठकीत सगळे एकमेकांचं कौतुक करतात. दुसऱ्या बैठकीत कोणीतरी विचारतं, "पैसे कोणाच्या खात्यात येणार?" पण हा संसार चालवायचा कोणत्या रीतीनं, हे त्याआधी ठरवायला हवं. मोठ्या प्रकल्पांनी वापरलेल्या रीती आपल्याला तशा अनोळखी नाहीत. गणपतीची वर्गणी, शाळेतली अंगतपंगत आणि शेतावरची सावड आपण पाहिलेली आहे. चौथी रीत एका यजमानाची.

वर्गणीचा नमुना म्हणजे जिनिव्हाजवळची सर्न, ही कणभौतिकीची प्रयोगशाळा. १९५४ मध्ये १२ देशांनी ती उभी केली. सदस्य देश आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पैसे भरतो, पण परिषदेत मत मात्र प्रत्येकाला एकच. सर्वांत मोठी वर्गणी जर्मनीची, पण म्हणून तिला दोन मतं मिळत नाहीत. पैसे एका पेटीत आले की पुढची खरेदी एकाच छताखाली होते, हा मोठा फायदा. भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. वर्गणी कमी, हक्कही कमी, तरी आपल्या कंपन्यांना तिथल्या निविदा भरता येतात.

या रीतीची किंमत वेळेत मोजावी लागते. स्क्वेअर किलोमीटर ॲरे या रेडिओ दुर्बिणीच्या करारावर मार्च २०१९ मध्ये रोमला सात देशांनी सह्या केल्या, आणि तो अमलात यायला जानेवारी २०२१ उजाडला. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राकडे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा अनुभव असल्यानं दुर्बिणीच्या नियंत्रण-प्रणालीच्या आखणीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. तरीही त्या सात सह्यांत भारत नव्हता. आपल्या १,२५० कोटी रुपयांच्या मंजुरीची बातमी २०२४ च्या तोंडावर आली. तुमचा प्रकल्प चार वर्षांचा असेल तर ही रीत इथेच सोडून द्या.

अंगतपंगत वरवर सर्वांत गोड. ज्यानं त्यानं घरून डबा आणायचा, पैशांचा हिशेबच नको. दक्षिण फ्रान्समधली इटर ही अणुसंलयन भट्टी, म्हणजे सूर्यासारखी अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा काढायचा प्रयोग, याच रीतीनं उभी राहते आहे. भागीदार सात. युरोपचा वाटा सुमारे ४५ टक्के, भारतासह बाकी सहांचा प्रत्येकी सुमारे ९ टक्के, आणि तोही मुख्यतः सुट्या भागांच्या रूपात. हे अडाणीपणानं ठरलेलं नाही. हे तंत्र आपल्या कारखान्यांनी शिकावं, अशी प्रत्येक देशाची इच्छा होती. म्हणून चुंबकांची अतिवाहक तार सहा भागीदारांकडे विणली गेली, मोठी वेटोळी दहा युरोपनं तर नऊ जपाननं केली, आणि निर्वात पात्राच्या नऊ फोडींपैकी पाच युरोपकडे, चार कोरियाकडे गेल्या. सगळ्याला पोटात घेणारं ३,८५० टनांचं शीतपात्र भारताचं. ते सुरतजवळ हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोनं बनवलं, ५४ तुकड्यांत बोटीनं गेलं आणि तिथे जोडलं गेलं.

डबे शेजारी-शेजारी मांडायचे असते तर काही बिघडलं नसतं. इथे एका घरचा डबा दुसऱ्या घरच्या डब्याला मिलिमीटरच्या हिशेबानं जुळायला हवा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकल्पानं जाहीर केलं की निर्वात पात्राच्या फोडींच्या जोडकडा ठरल्या मापात नाहीत, शिवाय उष्णतारोधक कवचाच्या नळ्यांना चिरा आहेत. खड्ड्यात बसवलेली पहिली फोड पुन्हा वर काढावी लागली. आधीच्या वेळापत्रकात पहिला प्लाझ्मा, म्हणजे भट्टीत पहिल्यांदा तप्त वायू पेटवणं, २०२५ ला होता. २०२४ मध्ये मांडलेल्या नव्या वेळापत्रकात संशोधनाची सुरुवात २०३४ ला गेली आणि खर्चात सुमारे पाच अब्ज युरोंची भर पडली.

सगळा दोष अंगतपंगतीचा, असं मी म्हणणार नाही. असली भट्टी आधी कोणी बांधलेलीच नव्हती. पण दुसऱ्याच्या बदलामुळे माझा भाग बदलावा लागला, तर तो खर्च कोणाच्या खिशातून? करारावर सह्या झाल्या २००६ मध्ये, आणि अशा बदलांसाठी राखीव निधी ठेवण्याचा निर्णय व्हायला २०१५ उजाडलं. छोट्या प्रकल्पात हा सांधा पोलादाचा नसतो, डेटाचा असतो. एकीकडे तारीख दिवस-महिना-वर्ष, दुसरीकडे महिना आधी, एवढ्यानंही महिनाभर रात्री जागवता येतात. पहिल्याच दिवशी सांध्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळे पैसे काढून ठेवणार असाल तरच ही रीत घ्या.

तिचं एक बळ मात्र कबूल करायला हवं. आंतरराष्ट्रीय करार चिवट असतो. यजमान युरोपला इटरमधून बाहेर पडता येत नाही, इतरांनाही पहिली दहा वर्षं मुभा नव्हती. युक्रेन युद्ध पेटल्यानंतरही रशियानं बनवलेलं प्रचंड वेटोळं २०२३ च्या सुरुवातीला फ्रान्सला पोचलं.

सावड याच्या अगदी उलट. सर्नच्या कण आदळवणाऱ्या यंत्रावरचे सीएमएस आणि ॲटलाससारखे प्रयोग शेकडो संस्था मिळून चालवतात, आणि त्यांना बांधणारा सामंजस्य करार कोर्टात नेण्याजोगा नसतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेनं सीएमएसचा बाहेरच्या थरातला एक कणशोधक याच नात्यानं उभा केला. देखभालीचा सामाईक खर्च वाटला जातो तो संस्थेकडच्या पीएचडीधारक संशोधकांच्या संख्येवर. नांगराला माणसं किती आणली, तेवढा वाटा. पाळ्याही वाटून घेतलेल्या. धाक एकच, शोधनिबंधावर नाव. २०१५ मध्ये या दोन प्रयोगांनी मिळून काढलेला निबंध ३३ पानांचा होता. त्यातली २४ पानं लेखकांची आणि संस्थांची, नावं पाच हजारांवर! हसू येतं खरं, पण या चलनावरच सगळा व्यवहार चालतो.

आणि हे चलन गोठतं तेव्हा काय होतं, तेही दिसलं. २०२२ मध्ये रशियन संस्थांची नावं कशी छापायची यावरून वाद झाला आणि निबंध कित्येक महिने लेखकांच्या नावांशिवायच जाहीर होत राहिले. तोडगा निघाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणून सावड करणार असाल तर लेखक कोण, क्रम कसा, आणि एखादी संस्था गळाली तर तिचं नाव राहणार का, हे मैत्री ताजी असतानाच लिहून काढा. डेटा उघडा करण्याबाबतही तेच. मानवी जनुकसंच प्रकल्पातल्या गटांनी १९९६ मध्ये बर्म्युडाला बसून ठरवलं की डीएनएचा जुळवलेला अनुक्रम २४ तासांत सार्वजनिक करायचा. नियम इतका नेमका होता की त्याला फाटे फोडायला जागाच उरली नाही.

यजमानाची रीत कंटाळवाणी आहे, आणि तुमच्यासाठी बहुधा तीच योग्य. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-अनुदान योजनेतल्या नेहमीच्या सहयोगी प्रकल्पात किमान तीन देशांतल्या तीन संस्था लागतात. अनुदान समन्वयक संस्थेकडे येतं आणि ती वाटते. भागीदारांचा आपसातला करार वेगळा असतो, आणि त्यासाठी डेस्का नावाचा तयार नमुना बहुतेक जण उचलतात. तोटा असा की समन्वयकाचं लेखा कार्यालय सुस्त असेल तर सगळेच अडकतात. समन्वयक निवडताना त्या प्राध्यापकांची कीर्ती कमी बघा, त्यांचे लेखाधिकारी पत्राला किती दिवसांत उत्तर देतात ते जास्त.

माझा कौल असा: पैशासाठी यजमान, कामाच्या आणि लेखकत्वाच्या वाटणीसाठी सावड. दोन्हींचे कागद वेगळे ठेवा, म्हणजे एकावरचं भांडण दुसऱ्याला लागत नाही.

वेळापत्रक आखताना इथल्या परवानग्याही धरा. परदेशी भागीदाराबरोबर आरोग्यविषयक संशोधन असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. वनस्पती किंवा सूक्ष्मजीवांचे नमुने बाहेर पाठवायचे तर २००२ चा जैवविविधता कायदा आहे. युरोपातला भागीदार या कामाला तक्त्यात दोन आठवडे लिहील. ते खोडून तिथे महिने लिहायचं काम तुमचं.