सामायिक कार्यालयाचे सदस्यत्व : काही महिन्यांच्या वापरानंतर

परदेशात नव्याने व्यवसाय मांडणाऱ्याला स्वतंत्र कार्यालय सहजासहजी मिळत नाही, कारण मायदेशातला कर्जफेडीचा इतिहास तिथे सहसा ग्राह्य धरला जात नाही आणि जागामालक हमीदार मागतो. महिन्याच्या बोलीवरचे को-वर्किंगचे, म्हणजे अशा सामायिक कार्यालयाचे, सदस्यत्व ही अडचण टाळते. मी मात्र ते मुख्यतः ओळखी वाढाव्यात म्हणून घेतले, म्हणून हा अभिप्राय त्याच अंगाने लिहीत आहे.

व्यवस्थापन भरवते त्या नेटवर्किंगच्या संध्याकाळींनी निराशा केली. तिथे सगळेच विकायला आलेले असतात, घेणारा कोणी नसतो. उपयोगाच्या ओळखी झाल्या त्या ठरावीक टेबल घेतल्यावर. रोज जागा बदलणाऱ्या 'हॉट डेस्क'च्या पासावर माणसे दिसतात, पण शेजार जमत नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंत्यांच्या आपसातील संवादाचा अभ्यास केला, तेव्हाही बसण्याच्या जागांमधले अंतर ५० मीटरच्या आसपास गेले की नियमित बोलणे फारसे उरत नाही, असेच आढळले होते.

माझ्या शेजारी भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या एक बाई बसतात. त्याही दुसऱ्या देशातून आलेल्या. माझे बिल एका मोठ्या कंपनीच्या लेखा विभागात रखडले होते. त्यांनी ते पाहिले आणि आधी पीओ नंबर (कंपनीच्या खरेदी आदेशाचा, म्हणजे 'पर्चेस ऑर्डर'चा क्रमांक) मागवून तो बिलावर ठळक घालायला सांगितले, कारण त्याशिवाय अशा ठिकाणी बिल पुढे सरकतच नाही. पैसे आले, आणि पुढे त्यांच्याच एका ग्राहकाचे काम माझ्याकडे आले.

आपल्या देशबांधवांचा गट इथेही आहे. हिशेबनीस कोण चांगला, कोणती बँक नवख्याचे खाते लवकर उघडते, हे तिथे चटकन कळते. मात्र सगळ्यांना माहीत असलेले ग्राहकही तेच ते असतात. नव्या संधीची खबर बहुधा जुजबी ओळखीतून येते, हा समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला मुद्दा मला इथे पटला. (व्हिसाविषयी कॉफीच्या यंत्रापाशी मिळणारा सल्ला मात्र ऐकून सोडून द्यावा, प्रत्येकाच्या परवान्याच्या अटी वेगळ्या असतात.)

फोनसाठीच्या काचेच्या खोल्या कोंदट आहेत. सदस्यत्व घेण्यापूर्वी तिथला पत्ता कंपनीच्या नोंदणीसाठी वापरता येतो का, हे लेखी विचारून घ्यावे, आणि शक्य असल्यास एक-दोन दिवसांचा पास काढून शेजारी कोण बसते ते पाहावे. मी ठरावीक टेबलाची मुदत वाढवली आहे. कार्यक्रमांचे वेगळे शुल्क मात्र बंद केले.