क्यूचा वनस्पती सी-व्हॅल्यू डेटाबेस : वापरणाऱ्याच्या नजरेतून

वनस्पतींच्या गुणसूत्रांवर किंवा जीनोमच्या, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनए-संचाच्या, उत्क्रांतीवर काम करणाऱ्याला अगदी पहिल्या टप्प्यावर एक साधी माहिती लागते, ती म्हणजे आपल्या वनस्पतीच्या पेशीकेंद्रकात डीएनए किती आहे. ही संख्या हाताशी नसेल तर सीक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरे क्रमाने वाचणे) किती करायचे हे ठरत नाही, खर्चाचा अंदाज येत नाही आणि तुकडे जोडून तयार झालेला जीनोम पूर्ण आहे की अर्धवट, हेही सांगता येत नाही. रॉयल बोटॅनिक गार्डन्स, क्यू या संस्थेचा ‘प्लँट डीएनए सी-व्हॅल्यूज डेटाबेस’ ही माहिती सर्वांना विनामूल्य देतो. मी तो अध्यापन आणि संशोधन या दोन्हींसाठी नेहमी वापरतो. या विषयातला इतक्या प्रामाणिकपणे मांडलेला दुसरा विदासंच माझ्या पाहण्यात नाही. मात्र त्यातली संख्या घेणाऱ्याने तिच्या शेजारचे रकाने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सी-मूल्य म्हणजे गुणसूत्रांच्या एका अगुणित (पेशीतल्या निम्म्या) संचातील, पेशीविभाजनासाठी अजून दुप्पट न झालेल्या डीएनएचे प्रमाण. ह्यूसन स्विफ्ट यांनी १९५० मध्ये हे नाव रूढ केले. त्यानंतर मोजमापे होत राहिली, पण ती शेकडो शोधनिबंधांत विखुरलेली होती. मायकेल बेनेट आणि जे. बी. स्मिथ यांनी १९७६ मध्ये ७५३ सपुष्प वनस्पतींची यादी छापली, आणि पुढे बेनेट व इलिया लीच यांनी याच याद्या वाढवत नेल्या. १९९७ मध्ये सपुष्प वनस्पतींचा भाग इंटरनेटवर आला आणि २००१ मध्ये त्याला इतर वनस्पतिगटांची जोड मिळाली. एप्रिल २०१९ च्या ७.१ या आवृत्तीत १२,२७३ जाती आहेत : सपुष्प १०,७७०, अनावृतबीजी ४२१, नेचेवर्गीय ३०३, मॉसवर्गीय ३३४ आणि शैवाळे ४४५. दुसऱ्यांची मोजमापे शोधून, तपासून एका साच्यात बसवण्याचे हे काम अनेक दशके चिकाटीने चालू राहिले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण अशा कामाला संशोधनाच्या जगात श्रेय फार कमी मिळते.

वापर सोपा आहे. प्रजाती आणि जात निवडली की सी-मूल्य पिकोग्रॅममध्ये (ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात) किंवा बेसजोड्यांमध्ये, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांमध्ये, मिळते. १ पिकोग्रॅम म्हणजे ९७.८ कोटी बेसजोड्या. गव्हाचेच उदाहरण घेऊ. गुणसूत्रे ४२, पातळी षट्गुणित (पेशीत गुणसूत्रांचे सहा संच) आणि सी-मूल्य सुमारे १७.३ पिकोग्रॅम, म्हणजे जवळपास १७ अब्ज बेसजोड्या. २०१८ मध्ये गव्हाचा संदर्भ जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा जोडलेल्या क्रमाची लांबी १४.५ अब्ज होती. पुनरावृत्त डीएनएचा बराच भाग त्या वेळच्या तंत्राने जोडता आला नव्हता, हे समजण्यासाठी ही दोनच मूल्ये शेजारी ठेवावी लागतात. षट्गुणितता नोंदलेली असल्यामुळे आणखी एक हिशेब लगेच होतो : सी-मूल्य सहांपैकी निम्म्या, म्हणजे तीन संचांचे असल्यामुळे १७.३ ला तीनने भागले की गव्हात एकत्र आलेल्या तीन पूर्वज संचांपैकी एकेकाचा सरासरी आकार, सुमारे ५.८ पिकोग्रॅम, हाती येतो. बहुगुणित वनस्पतींची एकमेकींशी तुलना करायची तर हीच संख्या उपयोगी पडते, नुसते सी-मूल्य नव्हे.

या डेटाबेसचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो एका जातीसाठी एकच उत्तर देण्याचा आव आणत नाही. एकाच जातीची अनेक मोजमापे उपलब्ध असतील तर त्यांतले एक मुख्य म्हणून निवडलेले असते, परंतु बाकीची लपवलेली नसतात, आणि प्रत्येकासोबत मोजमापाची पद्धत व मूळ निबंधाचा उल्लेख असतो. हे किती महत्त्वाचे आहे, ते अरॅबिडॉप्सिस थालिआना या छोट्या तणाच्या उदाहरणावरून पटते. २००० मध्ये तिचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा एकूण आकार सुमारे १२.५ कोटी बेसजोड्या मानला गेला. २००३ मध्ये बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वनस्पतीची केंद्रके सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सूत्रकृमीच्या केंद्रकांशी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे रंगवलेल्या केंद्रकांची चमक यंत्राने मोजण्याच्या पद्धतीने, ताडून पाहिली. कृमीचा जीनोम सुमारे १० कोटींचा असल्याचे पक्के ठाऊक होते. त्या मोजणीत अरॅबिडॉप्सिसचे मूल्य सुमारे १५.७ कोटी आले, म्हणजे जाहीर आकड्यापेक्षा पंचवीस टक्के अधिक. पुढे २०२१ मध्ये गुणसूत्रबिंदूंसह जोडलेला जीनोम आला, तो सुमारे १३.२ कोटींचा, त्यातही दुसऱ्या आणि चौथ्या गुणसूत्रांच्या टोकांजवळच्या रायबोसोमल जनुकांच्या लांबलचक रांगा पूर्णपणे आलेल्या नाहीत. तेव्हा जगात सर्वाधिक अभ्यासलेल्या वनस्पतीबाबतही यंत्राने मोजलेला आकार आणि अक्षरे जोडून मिळालेला आकार आजही तंतोतंत जुळत नाहीत. कोणता आकडा कोणत्या मार्गाने आला हे लिहून ठेवणारी नोंद म्हणूनच मोलाची ठरते.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्या वापरणाऱ्याच्या थेट वाट्याला येतात. फ्लो सायटोमेट्रीत डीएनए थेट मोजला जात नाही. कोवळे पान आणि संदर्भ वनस्पतीचे पान एकाच द्रावणात ब्लेडने बारीक चिरतात, सुट्या झालेल्या केंद्रकांना रंगद्रव्य लावतात आणि दोन्ही केंद्रकांच्या चमकेचे गुणोत्तर काढतात. म्हणजे संदर्भ वनस्पतीला जे मूल्य धरले, त्यावर पुढचे सारे अवलंबून. वाटाण्याच्या ‘स्टिराड’ या नेहमीच्या संदर्भ वाणासाठी ९.०९ पिकोग्रॅम (पेशीतल्या दोन्ही संचांचे मिळून, म्हणजे सी-मूल्याच्या दुप्पट) हे मूल्य फार प्रचलित आहे, तर वाटाण्यासाठीच दुसऱ्या एका मोजणीतून आलेले ९.५६ हेही वापरले गेले आहे. एवढ्यानेच पाच टक्क्यांचा फरक पडतो, आणि जवळच्या जातींमधला खरा फरक पुष्कळदा तेवढाच असतो. रंगद्रव्याचेही तसेच. प्रोपिडियम आयोडाइड हे रंगद्रव्य डीएनएच्या दुहेरी साखळीत बेसजोडीचा भेद न करता बसते, तर डॅपी हे दुसरे रंगद्रव्य अ‍ॅडेनिन-थायमिनच्या जोड्यांकडे झुकते, म्हणून त्याने निरपेक्ष आकार काढणे योग्य नाही. शिवाय टॅनिनसारखी द्रव्ये भरपूर असलेल्या पानांत रंगद्रव्य केंद्रकापर्यंत नीट पोहोचत नाही आणि मूल्य कमी येते. डीएनए रंगवून त्याची गडदता मोजणाऱ्या जुन्या फॉयल्गन रंजनाच्या नोंदींतही अशाच अडचणी आहेत. संदर्भ वनस्पतीला धरलेले मूल्य हा नोंदीचा सक्तीचा भाग असता, आणि एका प्रमाण मूल्यावर बेतून काढलेला आकडाही शेजारी दिला असता, तर मूळ निबंध उघडून बसण्याचे बरेच काम वाचले असते.

गुणसूत्रांच्या संख्येबाबतही जपून राहावे लागते. अनेक मोजमापांत ती संख्या त्याच रोपाच्या मूलाग्रात मोजलेली नसते, तर आधीच्या साहित्यातून घेतलेली असते. ज्या जातीत द्विगुणित आणि चतुर्गुणित झाडे शेजारी शेजारी वाढतात, तिथे ही उसनवारी धोक्याची आहे. अशा वेळी तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेला ‘क्रोमोसोम काउंट्स डेटाबेस’ सोबत उघडून ठेवावा. त्यात एका जातीच्या साऱ्या नोंदवलेल्या गणना दिसतात आणि फरक कुठे आहे ते कळते.

व्याप्तीविषयी थोडक्यात सांगायचे तर सपुष्प वनस्पतींच्या ज्ञात जातींपैकी तीनच टक्क्यांच्या आसपास जाती इथे आहेत. पिके आणि समशीतोष्ण प्रदेशांतल्या वनस्पती अधिक आहेत, उष्णकटिबंधीय वृक्ष विरळ. जीनोमच्या आकाराचा हवामानाशी किंवा आयुर्मानाशी संबंध जोडणाऱ्याने हा कल गृहीत धरूनच निष्कर्ष काढावेत. ७.१ आवृत्ती २०१९ ची असल्यामुळे नंतरची मोजमापे वेगळी शोधावी लागतात. २०२४ मध्ये टमेसिप्टेरिस ऑब्लान्सिओलाटा या नेच्याचा १६०.४५ अब्ज बेसजोड्यांचा जीनोम जाहीर झाला आणि पॅरिस जपोनिका या सपुष्प वनस्पतीचा, म्हणजे सुमारे १४८.८ अब्जांचा, विक्रम मागे पडला. असे नवे आकडे या आवृत्तीत सापडण्याचा प्रश्नच नाही.

अध्यापनासाठी मात्र याहून चांगले साधन मला माहीत नाही. गुणसूत्रे वाढली की डीएनए वाढतो, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. भाताच्या २४ गुणसूत्रांत सुमारे ४० कोटी बेसजोड्या आहेत, तर कांद्याच्या १६ गुणसूत्रांत सुमारे १६ अब्ज, दोन्ही द्विगुणित. हे समोर आले की वर्गातली चर्चा आपोआप उड्या मारणाऱ्या जनुकघटकांकडे वळते, कारण मक्यासारख्या वनस्पतीत जीनोमचा सुमारे ८५ टक्के भाग त्यांनीच व्यापलेला असतो. जेन्लिसिया ट्यूबरोसा या कीटकभक्षी वनस्पतीचा ६.१ कोटींचा जीनोम आणि पॅरिस जपोनिकाचा जीनोम यांत सुमारे २,४०० पटींचे अंतर आहे, तेही सपुष्प वनस्पतींच्याच घराण्यात. बहुगुणित होऊन वाढणे, पुनरावृत्त घटकांनी फुगणे आणि मग पुनर्संयोजनातून डीएनए गाळत पुन्हा आटोपशीर होणे, या तिन्ही प्रक्रियांवर प्रश्न विचारायला विद्यार्थी इथूनच सुरुवात करतात.

पुढच्या आवृत्तीकडून माझी मागणी एकच आहे : मोजलेल्या झाडाचा वनस्पतिसंग्रहालयातला नमुना आणि ते गोळा केल्याचे ठिकाण प्रत्येक नव्या नोंदीशी जोडलेले असावे. वनस्पतींची नावे बदलतात, जाती फुटतात, आणि नमुना जपलेला नसेल तर अचूक मोजलेले मूल्यही नेमक्या कोणत्या जातीचे, हे नंतर सांगता येत नाही.