‘फेट’ सिम्युलेशन्स : नववीच्या वर्गातला अनुभव

नववीला ‘धाराविद्युत’ शिकवताना दोन वर्षं ‘फेट’ (PhET) वापरतेय, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे आभासी प्रयोग, सिम्युलेशन्स. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. सगळं मोफत. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. आमच्याकडे रेंज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे माझ्यासाठी हे फार मोलाचं.

मला सर्वात आवडलं ते सर्किट जोडण्याचं सिम्युलेशन. बल्बमध्ये करंट ‘खर्च होतो’, हा मुलांचा पक्का समज. फळ्यावर कितीदा समजावलं तरी तो जात नसे. इथे बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे इलेक्ट्रॉन सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे तो कमी होतच नाही!” मग तिनेच दोन्हीकडे अमीटर लावून आकडा सारखाच येतो हे सगळ्यांना दाखवलं. शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीतून ज्वाळा येतात. ते मुलांनी पाच वेळा करून पाहिलं, मी करू दिलं.

यामागे संशोधन आहे. 2005 च्या एका अभ्यासात हे वापरलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे खरं सर्किटही इतरांपेक्षा चांगलं जोडलं. तरी मी खऱ्या तारा आणि सेल सोडत नाही. हातात तार यायलाच हवी.

खटकतं एवढंच, की सगळी सिम्युलेशन्स मराठीत नाहीत. भाषांतर शिक्षकही करू शकतात. प्रकाशाच्या अपवर्तनाचं मी हाती घेतेय.