बोटीखालचा समुद्र: रेझिन की टिश्यू पेपर?

सांगलीत बसून समुद्र करायचा म्हणजे गंमतच. आमचं पाणी म्हणजे कृष्णामाई, आणि पावसाळ्यात तिचा रंग चहासारखा! तरी जुन्या विमानवाहू विक्रांतचं (१९६१ साली नौदलात आली ती) १:७०० मापाचं, म्हणजे खऱ्या बोटीच्या सातशेपटीने लहान, जेमतेम ३० सेंटीमीटरचं मॉडेल बांधून झालं आणि प्रश्न आला त्याच्याभोवतीच्या पाण्याचा.

आधी इपॉक्सी रेझिन आणलं, म्हणजे दोन द्रव मिसळून ओतलं की घट्ट होणारं प्लास्टिक. काचेसारखं नितळ दिसतं, पण लाडावलेलं प्रकरण. एकदम जाड थर ओतला की आतल्या आत तापतं, पिवळं पडतं, तडकतं. माझं तडकलंच. जुलैच्या दमट हवेत वर चिकट, दुधी साय धरली ती वेगळीच. पातळ थर, मध्ये थांबणं, तोंडाला मास्क, उघडी खिडकी. भर पावसात उघडी खिडकी! घरच्यांनी काय ऐकवलं ते सोडा.

मग टिश्यू पेपर. प्लायवर पाणी घातलेला फेविकॉल, त्यावर कागद, ओल्या ब्रशने सुरकुत्या. तीन मीटरची लाट या मापात चार मिलिमीटरच असते, त्यामुळे सुरकुती पुरते. वाळल्यावर निळा-हिरवा ॲक्रिलिक, वरून चकचकीत वॉर्निश, बोटीमागे फेसाला पांढरा रंग. खर्च किरकोळ, चूक झाली तर वर दुसरा कागद.

मला हाच खरा वाटतो. खोल समुद्राचा तळ वरून दिसतो कुठे? बोटीचा पाण्याखालचा भाग दाखवायचा असेल तरच रेझिन. उथळ खाडीत नांगरलेलं मराठा गलबत मनात आहे, त्याला तेच लागेल. पण दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर.