राजधानीचा फर्स्ट एसी कूपे: मोठा कुत्रा घेऊन हिमाचलला जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून लॅब्रॅडॉरच्या आकाराचा कुत्रा शिमला-कसौलीकडे न्यायचा, तर मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणाऱ्या राजधानीतला फर्स्ट एसीचा कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, हा आमच्या मते सगळ्यात चांगला पर्याय. कुत्रा रात्रभर तुमच्याजवळ, दाराला आतून कडी, आणि सकाळी दिल्ली. एवढा कुत्रा विमानाच्या केबिनमध्ये घेत नाहीत, आणि कारने दिल्ली गाठायची तर चौदाशे किलोमीटर होतात. पण या सोयीत एक मोठी खोट आहे: कूपे मिळाला की नाही, हे चार्ट (जागावाटपाची शेवटची यादी) लागेपर्यंत कळत नाही.

नियम असा की कुत्रा फक्त फर्स्ट एसीत, आणि तोही अख्खा कूपे (दोन बर्थ) किंवा अख्खी केबिन (चार बर्थ) तुमच्याच माणसांची असेल तरच. टू टायर, थ्री टायर, स्लीपर कशातच चालत नाही. तिकीट काढताना कूपे निवडायची सोय नाही. म्हणून दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढायची. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच काढा, कारण डब्यात कूपे मोजकेच असतात. मग पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटच्या मुख्यालयात वाणिज्य विभागाकडे अर्ज द्यायचा: गाडी क्रमांक, तारीख, पीएनआर, 'सोबत पाळीव कुत्रा असल्याने कूपे मिळावा' ही विनंती, तिकिटाची आणि लसीकरणाच्या पुस्तिकेची झेरॉक्स. पोच घ्यायला विसरू नका. चार जण असाल तर काम बरंच सोपं, कारण केबिन आपसूक भरते.

दोघांना चार बर्थच्या केबिनमधल्या जागा आल्या तर? टीटीईला भेटून कूपेतल्या जोडप्याशी अदलाबदल होते का पाहायचं. बरेचदा होते, पण त्यावर सगळी सहल टांगून ठेवू नये. चार्ट लागल्यावर कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. अशा वेळी गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स सुचवला जातो. तो घेऊ नका. लोखंडी खोका, वारा कमी, आवाज प्रचंड, आणि चालत्या गाडीत तुम्हाला तिथे पोचता येत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उकाड्यात तो जिवावर बेतू शकतो. त्यापेक्षा कुत्र्याला सांभाळणारं ओळखीचं घर आधीच ठरवून ठेवा.

कूपे मिळाला की कुत्र्याच्या बुकिंगसाठी गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिस गाठायचं. डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र प्रवासाच्या आदल्या दिवशीचं असावं, आणि त्यावर जात, रंग, लिंग, वय स्पष्ट हवं. नुसतं 'हेल्दी डॉग' लिहिलेल्या कागदावर अडवतात. रेबीजची लस निदान तीन आठवडे आधी झालेली हवी. कुत्र्याचं भाडं 60 किलो सामानाच्या दराने होतं, मग कुत्रा पाच किलोचा असो की चाळीस. पावती प्रवासभर खिशात ठेवा. बुकिंग न करता नेताना सापडलात तर सहापट भाडं भरावं लागतं.

आता आतली गोष्ट. कूपेची जमीन गुळगुळीत. गाडीने ब्रेक लावला की कुत्र्याचे पाय चारी दिशांना जातात आणि तो घाबरून पुन्हा उभाच राहत नाही. खालच्या बर्थच्या लांबीएवढी, मागून रबर असलेली चटई अंथरा. घरातली त्याची न धुतलेली चादर वर टाका. ओळखीच्या वासाने तो लवकर बसतो. रेल्वेचं ब्लँकेट त्याला देऊ नका, पुढच्या प्रवाशाचाही विचार हवा. जेवण निघण्याआधी चार तास, नेहमीच्या निम्मं. पाणी थोडं थोडं, पण बंद करू नका.

खरी परीक्षा शू-शीची. बिल्डिंगखाली ठरावीक झाडापाशीच जाणारा कुत्रा पंधरा तास अडून बसतो. निघायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून त्याला पॅडवर सवय लावा. वडोदरा रात्री नऊच्या सुमारास येतं, तो थांबा सोयीचा. फलाटावर भटकी कुत्री असतात, त्यामुळे एकाने कुत्रा धरायचा, दुसऱ्याने दारात उभं राहायचं, आणि पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घालायचा.

मांजरासाठीही कूपे चालतो, पण अटेंडंट चादरी द्यायला दार सरकवतो तेवढ्यात ते निसटतं. दाराबाहेर 'आत मांजर आहे' अशी चिठ्ठी चिकटवा, आणि टोपली बर्थच्या पायाला बांधा.

दिल्लीपुढे कारच. कालका शताब्दीत नुसत्या खुर्च्या, कूपे नाही, त्यामुळे कुत्रा चालत नाही. घाटाची वळणं परवाणूपासून सुरू होतात. ओकणाऱ्या कुत्र्यासाठी मॅरोपिटंटची गोळी डॉक्टरांना विचारून मुंबईतूनच न्या. वर पोचल्यावर अंधार पडला की कुत्रा मोकळा सोडू नका. बिबट्या तिथे कुत्री उचलतो. गुराख्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात ते त्यासाठीच.

परतीचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ती गाडी दिल्लीहून सुटते, म्हणून कूपेचा अर्ज उत्तर रेल्वेच्या दिल्लीतल्या मुख्यालयात, बडोदा हाउसमध्ये द्यावा लागतो. चर्चगेटचा कागद तिथे चालत नाही. तंदुरुस्तीचं प्रमाणपत्रही नवं लागतं. ते निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या, आणि रविवार टाळून तारीख ठरवा.